स्वभावाला औषध

काळ्या मातीबद्दल लोक एखाद्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. ती चिवट आहे, हट्टी आहे, पावसाळ्यात पाय सोडत नाही, उन्हाळ्यात तोंड वासते. माझी सगळी नोकरी मृद चाचणी प्रयोगशाळेत गेली. शेतकरी पिशवीतून नमुना आणायचे, टेबलावर ठेवता ठेवता तिची गाऱ्हाणी सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, ‘तिचा स्वभावच तसा हाय, साहेब. स्वभावाला औषध नसतंय.’ मी मान हलवून पिशवीवर क्रमांक घालायचो. आमच्या अहवालात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश असे रकाने होते. स्वभावाचा रकाना नव्हता. त्यामुळे त्या वाक्याला उत्तर द्यायची वेळ कधी आली नाही.

ती निवृत्तीनंतर आली. संभाजीनगरच्या बाहेरच्या अंगाला घर बांधलं, पुढे चारशे चौरस फुटांची मोकळी जागा राहिली आणि तिथं लॉन हवं असं मुलानं जाहीर केलं. लॉनची कामं घेणारा एक तरुण आला. त्यानं बुटाच्या टाचेनं एक ढेकूळ फोडून पाहिलं. ते फुटलं नाही. ‘काका, ह्या मातीत काही होणार नाही. फूटभर काढून टाकू, लाल माती भरू आणि वर तयार मेक्सिकन ग्रास अंथरू. पंधरा दिवसांत हिरवंगार.’

त्याला नाही म्हणायला माझ्याकडे साधं व्यवहारातलं कारण होतं. खाली घट्ट काळी आणि वर फूटभर भुसभुशीत लाल असे दोन थर केले, की पावसाचं पाणी लाल थरातून भराभर उतरतं आणि काळ्यावर येऊन थांबतं. वर हिरवळ, खाली डबकं. लांबलेल्या पावसात मुळं कुजायला वेळ लागत नाही. हे मी त्याला सांगितलं आणि त्यानं ते नम्रपणे ऐकून घेतलं. न सांगितलेलं कारण वेगळं होतं. तो प्रश्न सोडवत नव्हता, ट्रकमध्ये भरून दुसरीकडे पाठवत होता. शिवाय ती लाल माती कुठल्या तरी माळावरून खरवडून येणार होती. तिथलं गवत मरेल तेव्हा इथलं उगवणार. घरातल्या माणसाचं पटत नाही म्हणून माणूसच बदलून टाकायचा, हा उपाय मला वयपरत्वे कमी कमी पटत चालला आहे.

पण मग औषध आहे का? की शेतकरी बरोबर होते?

हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. प्राचीन काळी स्वभाववादी म्हणून ओळखले जाणारे विचारवंत होते. बाभळीच्या काट्याला टोक कुणी काढलं, मोराच्या पिसात रंग कुणी भरले, असं विचारून ते म्हणत, कुणीच नाही. ज्याचा त्याचा स्वभाव. ना देव लागत, ना पूर्वजन्मीचं कर्म. विज्ञान शिकलेल्या माणसाला हे पहिल्यांदा ऐकताना फार बरं वाटतं. मलाही कॉलेजात वाटलं होतं. नंतर लक्षात आलं, की हे उत्तर सगळ्या प्रश्नांवर एकाच मापात बसतं, आणि सगळ्यांना बसणारं उत्तर कुणाच्याच कामाचं नसतं. ज्वारी का पिवळी पडली? स्वभाव. मग प्रयोगशाळा कशाला काढायची?

गीता या बाबतीत दोन्ही दगडांवर पाय ठेवून आहे. तिसऱ्या अध्यायात म्हटलंय, की ज्ञानी माणूसही आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो, तिथं निग्रह काय करणार. लगेच पुढच्या श्लोकात बजावलंय, की राग-द्वेषांच्या तावडीत जाऊ नको. प्रकृतीपुढे काही चालतच नसेल, तर हा उपदेश कुणाला? सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो, की मन आवरणं वारा आवरण्याइतकं कठीण आहे. कृष्ण त्याला खोटं ठरवत नाही. कठीण आहे हे मान्य करतो आणि अभ्यासानं व वैराग्यानं ते साधतं असं सांगतो. माझ्या कीर्तनप्रेमी मित्रांना यात विसंगती दिसत नाही. मला दिसते, आणि मला ती आवडते. ज्यानं कधी भारी जमिनीत कुदळ मारली आहे तो दोन्ही वाक्यं एका श्वासात बोलू शकतो.

सगळ्यात कडक भूमिका नागार्जुनाची. हा बौद्ध आचार्य परंपरेनुसार सातवाहन राजाचा स्नेही, आणि सातवाहनांचं पैठण आमच्याकडून तासाभराच्या अंतरावर आहे, म्हणून मी त्याला आमच्या भागातला मानतो. इतिहासकारांनी क्षमा करावी. त्यानं स्वभावाची अट फार वर नेऊन ठेवली. जो कुणी घडवलेला नाही, दुसऱ्या कशावर अवलंबून नाही आणि जो कधी पालटत नाही, त्यालाच स्वभाव म्हणा. मग त्यानं विचारलं, असं काही दाखवता का? त्याचा भाष्यकार चंद्रकीर्ती तापलेल्या पाण्याकडे बोट दाखवतो. पाणी गरम आहे खरं, पण ती उष्णता बाहेरून आलेली. तिला पाण्याचा स्वभाव म्हणता येणार नाही. आणि नागार्जुनाचा सगळ्यात धारदार मुद्दा असा, की वस्तूला खरोखरच स्वभाव असता तर जगात काहीही बदललं नसतं. दुःखही गेलं नसतं. बदल होतो, तो वस्तू आतून रिकाम्या आहेत म्हणून.

हे मी प्रयोगशाळेत असताना वाचायला हवं होतं, कारण काळ्या मातीचा कण नेमकं हेच सांगतो.

दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन ही माती झाली. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा जास्तही असतं आणि त्या चिकणमातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज मुख्य. डोळ्यांना न दिसणारे त्याचे पापुद्रे पापडांच्या चळतीसारखे एकावर एक रचलेले असतात. पाणी दोन पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं, चळत फुगते. पाणी गेलं की आक्रसते. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या कमरेपर्यंत खोल जातात. एका ग्रॅम शुद्ध खनिजाच्या पापुद्र्यांचे पृष्ठभाग सगळे उलगडून मोजले तर सातशे चौरस मीटरच्या आसपास भरतात. माझा घरासकट प्लॉट त्याहून लहान आहे. एवढ्या विस्तारावर ऋण भार असतो आणि तो भार फेडायला कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, सोडियम यांचे धन भाराचे कण येऊन चिकटतात. गंमत इथं आहे. चिकटलेल्यांत कॅल्शियम जास्त असेल, तर पापुद्रे एकमेकांना धरून बारीक रवे करतात, रव्यांमध्ये फटी राहतात, पाणी आणि हवा जाते. सोडियम जास्त असेल, तर तेच पापुद्रे विस्कटतात, फटी बुजवतात, आणि जमीन चोपण होते. खनिज तेच. वागणूक उलटी. नीरा आणि प्रवरेच्या कालव्यांखाली उसाला अतोनात पाणी देऊन ज्या जमिनी बिघडल्या त्यांचा जन्म चोपण नव्हता.

म्हणजे जिला आपण तिची वृत्ती समजतो, ती तिच्या संगतीची आहे. कीर्तनकार हे रोजच सांगतात, पण रसायनशास्त्रात ते इतकं उघडंनागडं दिसेल असं मला वाटलं नव्हतं.

संगत कुठली आहे हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या पेल्यात पावसाचं किंवा बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी घ्यावं, ढवळू नये, हरभऱ्याएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडावं आणि पेला हलवू नये. माझं ढेकूळ आधी बुडबुडे सोडत बसलं. मग त्याच्या कडा गळाल्या, चहाचं पाणी उकळायच्या आत त्याचा चपटा ढीग झाला. पण वरचं पाणी स्वच्छ राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळीही पेल्याच्या तळाची नक्षी दिसत होती. ढेकळाभोवती दुधासारखा ढग धरला असता तर सोडियम. माझ्याकडे तो नव्हता. ढेकूळ नुसतं ढासळलं होतं, म्हणजे त्याला आतून धरून ठेवणारं काही नव्हतं: ना कुजलेला पाला, ना मुळांचं जाळं, ना बुरशीचे धागे. मुलानं कुठंतरी वाचून जिप्समची गोणी आणली होती. जिप्सम सोडियमला हुसकून कॅल्शियम बसवतं. जिथं सोडियमच नाही तिथं ते कुणाला हुसकणार? गोणी अजून गच्चीवर आहे.

दुसरी लोकप्रिय सूचना वाळूची. माळीकाकांपासून भाच्यापर्यंत सगळ्यांनी केली. चिकणमातीचा पोत बदलायचा तर वाळू निम्म्याहून जास्त घालावी लागते, म्हणजे ती वाळूचीच जमीन झाली. थोडी घातली तर वीट होते. पोत हा तिचा जन्मजात भाग आहे, तिथं आपला हात पोचत नाही. ओल्या मातीची हातावर वळी करून पाहिली तर माझ्या मातीची वात निरांजनात बसेल इतकी बारीक निघते आणि वाकवून अंगठी केली तरी तडकत नाही. ही वात उद्याही निघणार, माझ्या नातवालाही निघणार. बदलते ती घडण: कण एकमेकांत कसे बसले आहेत, मध्ये मोकळीक किती आहे. निम्मा प्रश्न तिथं सुटतो आणि उरलेला सुटत नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं. मे महिन्यात माझं लॉन भेगाळणारच.

आता त्या तरुणाच्या न फुटलेल्या ढेकळाकडे येतो, कारण मला या सगळ्यात जे सापडलं ते तिथं सापडलं. एका कोपऱ्यात मी चर खणला. वरचा वीतभर थर म्हणजे पायाच्या खड्ड्यातून निघालेला खालचा माल होता: फिकट, चुनखडीचे खडे असलेला, मध्ये मध्ये सिमेंटचे गोळे, फरशीचा तुकडा, तारेची गुंडाळी. त्यावरून विटांचे आणि खडीचे ट्रक वर्षभर गेले होते, तेही भर पावसाळ्यात, माती ओली असताना. त्याच्याखाली दाबून चपटी झालेली, पण काळीभोर, मूळची वरची माती. गाडलेली. पूर्वी इथं ज्वारी पिकत होती. शेजारचं एक शेत अजून आहे, त्यातली माती मुठीत घेतली की रव्यासारखी मोकळी होते. एकच जमीन, बांध सोडला तर फरक काही नाही. ज्याला तो तरुण मातीचा स्वभाव म्हणत होता, ते आमचं बांधकाम होतं.

हे पाहिल्यापासून स्वभाव हा शब्द ऐकला, की मी आधी खाली काय गाडलंय ते शोधतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात चारही वर्णांची कर्मं स्वभावातून जन्मलेली म्हणून वाटून दिली आहेत; शेती, गोरक्षण आणि व्यापार वैश्याला, सेवा शूद्राला. तिथं मात्र अभ्यासाची गोष्ट निघत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये या वाटणीच्या मुळावरच घाव घातला, आणि त्याआधी १८८३ मध्ये जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून दाखवलं, की ज्याला शेतकऱ्याचं अडाणीपण म्हणतात ते कुणी, कसं आणि कुणाच्या फायद्यासाठी तयार केलं. त्याच पुस्तकात ते शेतातून वाहून जाणाऱ्या सुपीक मातीबद्दल आणि बांधबंदिस्तीबद्दलही बोलतात, हे विसरलं जातं. माणूस आणि जमीन ही दोन वेगळी प्रकरणं आहेत असं त्यांना वाटलं नाही.

आमच्या प्रयोगशाळेत नमुने कुटून चाळणारा एक जण होता. लाकडी हातोडी, दोन मिलिमीटरची चाळणी, दिवसभर धूळ. साहेब लोकांत बोललं जायचं, की यांच्यात वाचायची आवडच नसते, स्वभाव आहे. तो माणूस चिमूटभर माती बोटांत चोळून नमुना गंगाथडीचा की डोंगराकडचा ते सांगायचा आणि बहुतेकदा ते पिशवीवरच्या पत्त्याशी जुळायचं. त्याला कुणी शाळेत किती वर्षं बसू दिलं होतं, हे आम्ही विचारलं नाही. रकाना नव्हता.

मात्र उलट टोकाला जाऊन स्वभाव नावाचं काही नसतंच असं मी म्हणणार नाही. नागार्जुनाला ते परवडतं, त्याला लॉन करायचं नव्हतं. खनिज फुगणार, आक्रसणार. आणि त्या फुगण्या-आक्रसण्यातच तिचं औषधही आहे. भेगांमध्ये वरची माती पडते, पावसात भेग मिटते, खालची वर ढकलली जाते. ही जमीन स्वतःला नांगरते. उन्हात तापलेली ढेकळं पहिल्या पावसात आपोआप विरघळल्यासारखी फुटतात. टाचेनं न फुटलेलं तेच ढेकूळ जूनमध्ये हाताशिवाय फुटतं. जुन्या शेतकऱ्यांची निम्मी मशागत म्हणजे तिला तिचं काम करायला वेळ देणं होतं. उरलेली निम्मी म्हणजे वाफसा ओळखणं. ओल्या काळ्या मातीत कुदळ घातली तर तिचा गारा होतो आणि वाळल्यावर दगड. सुकीत घातली तर कुदळच परत येते. मधले चार दिवस खरे. मुठीत गोळा बांधावा, कमरेवरून सोडावा, पडून मोकळा झाला तर कामाला लागावं. अभ्यासापुढे वैराग्य का ठेवलं असेल हे मला वाफशाची वाट बघताना कळलं: करायचं सगळं हाताशी असून हात मागे घ्यायचा.

बाकी कृती सांगण्यासारखी थोडी आहे. वरचे सिमेंटचे गोळे आणि खडे वेचले. जमिनीला घरापासून दूर हलका उतार दिला, कडेला चर. दोन इंच कुजलेलं खत पसरून वरच्या सहा इंचांत मिसळलं. चारशे फुटांना ते साधारण पासष्ट-सत्तर घनफूट लागतं, म्हणजे छोट्या टेम्पोची एक खेप. शेणखत आणि पालापाचोळा थरावर थर रचून, ओलावा राखून, उलथून कुजवायची जी पद्धत इंदूरच्या नावानं ओळखली जाते, ती अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ दरम्यान तिथं राहून बसवली, आणि तीही माळव्याच्या काळ्या जमिनीवर. खेड्यातल्या शेतकऱ्यांकडून आपण शिकलो, असं ते उघड म्हणत. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडी फोर्कनं भोकं पाडायची आणि त्यात चाळलेलं खत झाडूनं लोटायचं. गवत फार बुटकं कापायचं नाही, कापलेलं तिथंच पडू द्यायचं. पाणी रोज शिंपडायचं नाही, दिलं तर भरपूर आणि मग विसरून जायचं, म्हणजे मुळं खाली जातात.

गवत कुठलं, यावर घरात मतभेद झाले. मी हरळी म्हटलं. माळीकाका कपाळाला हात लावून बसले. ‘साहेब, आमच्या बापाचं आयुष्य हरळी खणण्यात गेलं आन् तुम्ही ती विकत आणून लावायलात?’ शेतात जिच्या एका कांडीनं माणूस हैराण होतो, गणपतीला जिच्या एकवीस जुड्या लागतात आणि बंगल्यापुढे जी ‘बर्म्युडा’ म्हणून मिरवते, ती सगळी एकच. मी म्हटलं, काका, तुमच्या बापाला जिनं हरवलं तिच्याहून या मातीत टिकणारं दुसरं कोण? ते हसले, आणि चार बोटांच्या अंतरावर कांड्या टोकून दिल्या.

हे सगळं इथं संपायला हरकत नव्हती, पण शेजारच्या काकू जैन आहेत. लॉन धरल्यावर पहिल्या श्रावणात त्यांच्याकडे साध्वी आल्या होत्या. आमच्या फाटकातून त्यांचा रस्ता जवळचा, मी अगत्यानं या म्हटलं. त्या थांबल्या, हिरवळीकडे पाहिलं, आणि कडेच्या अरुंद फरशीवरून एकापाठोपाठ एक, पदर सांभाळत, उन्हात लांबून वळसा घालून गेल्या. हिरव्यावर पाय द्यायचा नाही, म्हणून तर चातुर्मासात त्या एका जागी राहतात. बौद्ध भिक्षूंनाही विनयानं जमीन खणायला आणि झाडपाला तोडायला मनाई आहे, आणि जैन श्रावकानं टाळायच्या पंधरा व्यवसायांत जमीन फोडण्याचा धंदा आहे. काकूंनी मला कधीच काही सुनावलं नाही. एकदा फक्त विचारलं, ‘भाऊ, तुम्ही माती सुधारता म्हणजे नक्की कोणासाठी?’

मी लगेच म्हटलं, मातीसाठीच. गांडुळं आली, पाणी मुरायला लागलं, दाबलेली माती मोकळी झाली. काकू म्हणाल्या, ‘मग आता गवत काढून टाकलं तरी चालेल?’ याचं उत्तर मुलाला विचारून द्यावं लागेल, असं मी म्हटलं, पण ते उत्तर नव्हे हे आम्हा दोघांनाही समजलं. कुणाचाही स्वभाव सुधारायला निघालेल्या माणसाला हा प्रश्न विचारायला हवा. बाप मुलाला वळण लावतो, समाजसेवक वस्ती सुधारतो, मी ढेकळं फोडतो. प्रत्येकाच्या मनात शेवटी जे लॉन आहे ते कुणाच्या पायांसाठी आहे? मी दाबलेलं मोकळं करणं हे फेड आहे, त्याचा मला नुसता अधिकार नाही, ते माझं देणं आहे. त्यावर काय उगवावं हे ठरवणं ही हौस आहे. दोन्ही एकाच कुदळीनं होतात म्हणून मी ती एकच समजत होतो, आणि हौसेला फेडीचं पुण्य लावून घेत होतो.

लॉन काढणार नाही. नातू त्यावर लोळतो आणि माझ्या हौसेला तेवढी जागा मी देतो. पण ट्रक जिथं वळायचे त्या फाटकाजवळच्या पट्ट्यात अजून काही धरत नाही, आणि तिथं मी हरळीचा हट्ट सोडला आहे. यंदा पाऊस पडला, वाफसा आला की तिथं ताग पेरणार. त्याची मुळं खोल जातात, दाबलेल्या थरात वाट करतात. फुलावर यायच्या सुमारास, दीड-दोन महिन्यांत, तो तसाच हिरवा कापून मातीत गाडावा लागतो. त्या गाडण्याबद्दल काकूंशी बोलणं अजून व्हायचंय.